आण्णांच्या न्हाणीचा उतार

आमच्या घरातल्या न्हाणीचं पाणी एकदा थेट स्वयंपाकघरात गेलं. ते चुकून गेलं नाही. मी ते मोजून, मापून, उतार काढून आणि गवंड्याशी भांडून तिथं नेलं होतं.

मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या मशीनशॉपमध्ये क्वालिटी बघतो. म्हणजे दुसऱ्यांनी केलेलं काम मोजायचं आणि नाही म्हणायचं. गेली सव्वीस वर्षं मी नाही म्हणतोय. केसापेक्षा बारीक फरक असला तरी माल परत पाठवतो, त्यामुळं कारखान्यात माझ्या माघारी मला 'मायक्रॉन' म्हणतात. मी ते कौतुकानं घेतो. माझ्या बायकोला, संगीताला, मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती "बिचारे" एवढंच म्हणाली. कारखान्यातल्या लोकांबद्दल म्हणाली की माझ्याबद्दल, हे मी अजून विचारलेलं नाही.

तर न्हाणीची गोष्ट. माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, शिरोळकडं आमच्या गावी राहायचे. वय अठ्ठ्याहत्तर. पन्नासभर वर्षं उसाला पाणी पाजलेला माणूस. आई गेल्यावरही ते शहरात यायला तयार नव्हते. "तुमच्या कोल्हापुरात पाय पसरायचा म्हटलं तर दुसऱ्याच्या दारात जातोय," हे त्यांचं म्हणणं. पण एका सकाळी शेताच्या बांधावरून पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. नंतरचे दोन महिने ते गावातच माझ्या बहिणीकडं, आक्काकडं, खाटेवर होते.

त्या दोन महिन्यांत आण्णांनी दुखण्याबद्दल एकदाही तक्रार केली नाही. तक्रार एकच होती. त्यांचं अंग खाटेवरच ओल्या फडक्यानं पुसलं जायचं. ते करणारा माणूस चांगला होता, हात हलका होता, पण आण्णा भिंतीकडं तोंड करून पडायचे आणि तो जाईपर्यंत कुणाशी बोलायचे नाहीत. मी फोन केला की पलीकडून एकच प्रश्न यायचा.

"न्हाणी झाली का?"

"चाललंय काम, आण्णा. फरशी राहिलीय."

"लवकर कर. मला माझ्या हातानं अंघोळ करायची हाय."

उसाचं बिल, गावातलं राजकारण, माझी पोटदुखी, काही नाही. फक्त न्हाणी. एवढ्या ठाम माणसानं आयुष्यात माझ्याकडं मागितलेली ती पहिलीच गोष्ट होती, आणि ती मला अगदी अचूक करून द्यायची होती. पुढचं सगळं त्या 'अचूक'मुळं झालं.

आमच्या मागच्या खोलीत आण्णांची खाट टाकायची आणि तिला लागूनच्या अडगळीच्या जागेत न्हाणी काढायची, असं ठरलं. पाच फूट बाय सात फूट. एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला पाणी जायची जाळी. दाराला उंबरा ठेवायचा नाही, कारण आण्णा वॉकर घेऊन चालणार. उंबरा नाही म्हटल्यावर पाणी अडवायला काहीच नाही. सगळी भिस्त उतारावर.

कामाला बसाप्पा मिस्त्री आले. साठीचे, सीमेकडचे, निम्मं मराठी निम्मं कानडी बोलणारे. बरोबर माल कालवायला त्यांची बायको, लक्ष्मीक्का. मिस्त्रींनी एक जुनी पिशवी जमिनीवर उपडी केली. त्यातून थापी निघाली, भिंत उभी सरळ आहे का बघायचा ओळंबा निघाला, कोपऱ्याचा काटकोन बघायचा लोखंडी गुण्या निघाला, आणि शेवटी प्लास्टिकच्या पारदर्शक नळीचं एक भेंडोळं.

"हे काय?" मी विचारलं.

"लेव्हल नळी."

"म्हणजे अजून हीच वापरता?"

"पाणी अजून तेच हाय की," मिस्त्री म्हणाले.

नळीचं काम साधं असतं. तिच्यात पाणी भरायचं, एक टोक या भिंतीला, दुसरं त्या भिंतीला. दोन्हीकडचं पाणी एका उंचीवर थांबतं. तिथं खुणा करायच्या आणि त्या खुणांपासून खाली टेपनं मापत जायचं. जाळीकडं खाली जास्त माप भरलं की तिकडं उतार. मिस्त्रींचा हिशेब होता फुटाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. सात फुटाला सात सूत. एका टोकाला लक्ष्मीक्का नळी धरून उभ्या राहिल्या, दुसऱ्या टोकाला मिस्त्री. दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. दहा मिनिटांत खुणा झाल्या.

मला ते पटलं नाही. पटलं नाही म्हणजे, आकडा कुठं होता? आमच्याकडं दिवसभर डिजिटल आकडे बघायची सवय. मी संध्याकाळी जाऊन एक डिजिटल स्पिरिट लेव्हल घेऊन आलो. दोन फुटी, पिवळी, आणि मधोमध छोटा पडदा. कुठंही ठेवली की किती अंश उतार ते दाखवणारी. (खोकं उघडताना संगीतानं विचारलं, "हे आण्णांना लागणार का?" मी म्हणालो, "अप्रत्यक्षपणे.") माहितीपत्रक मी पूर्ण वाचलं. घरात ते मी एकटाच वाचतो. त्यात लिहिलं होतं की वापरण्यापूर्वी सपाट जागेवर ठेवून शून्याचं बटण दाबा. मी ती जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि बटण दाबलं. पडद्यावर शून्य आलं. इतकं स्वच्छ शून्य बघून मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. मिस्त्रींनी फरशीखालचा थर अंथरून ठेवला होता. मी त्यावर माझी लेव्हल ठेवली. फुटाला एक सूत म्हणजे साधारण शून्य पॉइंट सहा अंश यायला हवा होता. आला एक पॉइंट आठ.

"मिस्त्री, उतार तिप्पट झालाय."

"न्हाई झालेला."

"हे बघा, आकडा."

मिस्त्रींनी पडद्याकडं बघितलं, मग थराकडं बघितलं, मग लक्ष्मीक्कांकडं बघितलं. "साहेब, सात सूत धरलंय. नळीनं धरलंय."

"नळीत बुडबुडा राहिला असेल. बुडबुडा असला की नळी चुकते, हे तुम्हालाही माहीत आहे."

"असता तर दिसला असता की. चाळीस वर्षं तेवढंच बघतोय."

मी समजावणीच्या सुरात बोलायला लागलो. (हा सूर माझ्याकडं तयार असतो. कारखान्यात तो ऐकला की लोक चहाला जातात.) मी म्हणालो, आण्णांच्या खुब्यात स्टीलचा गोळा आहे, वॉकरची चाकं आहेत, इतक्या उतारावर ओल्या फरशीत त्यांचा पाय सरकला तर काय करायचं? ते मी मनापासून बोलत होतो. रात्री डोळे मिटले की मला तो बांध आणि त्यावरून घसरणारे आण्णा दिसायचे.

मिस्त्रींनी थरावर थापी टेकवली. मग म्हणाले, "म्हणजे जाळीकडं पावणेदोन इंच माल चढवायचा?"

"आकडा शून्य पॉइंट सहा येईपर्यंत."

"पाणी दाराकडं येईल, साहेब."

"येणार नाही."

लक्ष्मीक्का कानडीत काहीतरी म्हणाल्या. मिस्त्री हसले नाहीत, पण हसू दाबल्यावर माणसाच्या मिशा जशा हलतात तशा त्यांच्या हलल्या. "तुमचं घर हाय. तुमी म्हणशीला तसं," ते म्हणाले आणि जाळीकडं माल टाकायला लागले.

फरशी बसली. मी दर फरशीवर लेव्हल ठेवली. शून्य पॉइंट सहा, शून्य पॉइंट सहा, शून्य पॉइंट सहा. आमच्या कारखान्यात इतकं एकसारखं काम मी कधी बघितलं नव्हतं. जाताना मिस्त्री म्हणाले, "दोन दिवसांनी येतो. एक घागर ओतून बघू आणि मगच वापराय काढा." मी म्हणालो, "आकडा आलाय, आता घागर कशाला?" मिस्त्रींनी नळीचं भेंडोळं खांद्याला अडकवलं आणि ते गेले.

घागरीची वेळ आलीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात गाडी थांबली आणि आण्णा उतरले. मागून आक्का, कपाळाला हात लावून.

"ऐकत न्हाईत रं. काल फोनवर फरशी बसली म्हणालास ना, रातभर बसून हायती. पहाटे पिशवी भरली."

आण्णांनी चहा घेतला नाही. खाटेवर बसले नाहीत. वॉकर ढकलत सरळ न्हाणीच्या दारात जाऊन थांबले, आत बघितलं, फरशीवरून नजर फिरवली. त्यांच्या कपाळावर एक आठी आली आणि गेली. पन्नास वर्षं पाण्यामागं चाललेला माणूस जमीन बघून काय समजायचं ते समजला होता, असं मला नंतर कळलं. त्या क्षणी मला ती आठी म्हणजे भावना दाटून आल्यासारखी वाटली.

"गरम पाणी काढ," ते म्हणाले. "आणि दार लोटून घे. कुणी आत यायचं न्हाई."

मी दोन बादल्या भरल्या, आत स्टूल ठेवलं, त्यांना बसवलं, साबण हाताशी दिला आणि दार लोटून बाहेर खाटेवर बसलो. आतून तांब्याचा आवाज आला. पहिला तांब्या. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा. आण्णा आत काहीतरी पुटपुटत होते, ओवी की शिवी ते कळलं नाही, पण आवाज सुखाचा होता. मी डोळे मिटले.

पाय गार लागले म्हणून उघडले.

दाराखालून पाणी येत होतं. साबणाचा फेस पुढं, पाणी मागं, अगदी शिस्तीत. खाटेखालून गेलं, माझ्या चपला उचलल्या, मधल्या बोळात वळलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून संगीताचा आवाज आला. ती भाकरी थापत होती.

"अहो, आण्णांचं पाणी आलंय हितं."

मी दाराशी धावलो. "आण्णा, थांबा. पाणी बाहेर येतंय."

"येणारच," आतून शांत आवाज आला. "उतार दाराकडं हाय."

"मग ओतू नका."

"अंगाला साबण हाय, लेका."

आणि त्यांनी आणखी एक तांब्या ओतला. मी चादर ओढली, टॉवेल टाकला, आक्का पायपुसणं घेऊन धावली. पाणी सगळ्याला वळसा घालून बोळाकडंच चाललं होतं. तेवढ्यात आण्णा आतून ओरडले, "दत्ता, दार धर."

मी दोन्ही हातांनी न्हाणीचं दार घट्ट धरलं.

"धरलं का?"

"धरलंय."

"मग पाणी वळलं का?"

"नाही, आण्णा."

"काय धरलंयस?"

"दार."

मग आण्णा म्हणाले, "अरे, पाण्याचं दार. इंजिनेर."

उसात एका सरीतलं पाणी अडवून दुसऱ्या सरीत सोडतात, त्याला आमच्याकडं दारं धरणं म्हणतात. लहानपणी मी त्यांच्यासोबत शेकडो वेळा दारं धरली होती, चिखलात पाय रोवून. शहरात येऊन मी फक्त लाकडाचं दार ओळखायला शिकलो होतो. आण्णांनी स्टुलावर बसल्या बसल्या सूत्रं हातात घेतली. "गोधडी आडवी टाक. तिथं न्हवं, वळणाच्या अलीकडं. तिचा वरंबा कर. आक्के, परसदार उघड. हां, आता पाणी तिकडं मोडा." आणि खरंच, गोधडीच्या वरंब्याला थडकून पाणी वळलं, परसदारातून बाहेर पडलं आणि संगीताच्या कढीपत्त्याच्या बुंध्याशी जाऊन थांबलं.

"पोचलं का?"

"पोचलं," संगीता परसातून म्हणाली. तिच्या हाताला पीठ होतं आणि साडी घोट्यापर्यंत भिजली होती.

"मग अजून दोन बादल्या आण," आण्णा म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी चार बादल्यांनी अंघोळ केली. आम्ही तिघं बोळात वरंबा सांभाळत उभे होतो. कपडे करून ते बाहेर आले तेव्हा तोंड लालबुंद होतं, पांढरे केस उभे होते आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा ते माझ्याकडं बघून बोलले, भिंतीकडं नाही. "एवढा सरळ पाट मी जन्मात काढला न्हाई," ते म्हणाले. "कुठं थांबलं न्हाई, कुठं तुंबलं न्हाई."

हे कौतुक मी कसं घ्यायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पण मला एक गोष्ट टोचत राहिली. मी महिनाभर त्यांच्यासाठी न्हाणी मोजत होतो, आणि त्यांना अडखळत का होईना, स्वतःच्या हातानं डोक्यावर पाणी घ्यायचं होतं. ते वाकड्या न्हाणीतही झालं असतं. बहुतेक अंगणातल्या दगडावर, महिन्याभरापूर्वीच झालं असतं. मला ते सुचलं नाही, कारण दगडाला आकडा नसतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठरल्याप्रमाणं मिस्त्री आले. भिजलेली गोधडी त्यांनी उन्हात बघितली. माझी पिवळी लेव्हल मागून घेतली, फरशीवर ठेवली. शून्य पॉइंट सहा. "आता उलटी ठेवा," ते म्हणाले. "त्याच जागी. हे टोक तिकडं."

मी ठेवली. एक पॉइंट आठ.

"जागा एकच हाय. मग दोन आकडे कशापायी?"

मला उत्तर येत होतं: लेव्हलचं शून्यच चुकलेलं होतं. कुठलीही लेव्हल वापरण्यापूर्वी उलटसुलट ठेवून तपासायची, हे मी दरवर्षी नव्या मुलांना शिकवतो. त्यासाठी माझ्याकडं एक तक्ताही आहे, लॅमिनेट केलेला.

"शून्य कुठं केलतं?" मिस्त्रींनी विचारलं.

"जेवणाच्या टेबलावर."

संगीता दाराशी उभी होती. ती म्हणाली, "त्या टेबलावर? अहो, ताटातला रस्सा कायम तुमच्याकडं वाहत येतो की. दोन पाय कुजले म्हणून कापून ठोकळे लावले तेव्हापासून."

"मग तू सांगितलं का नाहीस?"

"ठोकळ्यांचं माप तुम्हीच दिलतं. मला वाटलं, मुद्दाम दिलंय."

लक्ष्मीक्का त्या दिवशी नव्हत्या. मुलीच्या बाळंतपणाला निपाणीला गेल्या होत्या. न्हाणी उखडून पुन्हा करायची तर नळीचं दुसरं टोक धरायला कुणीतरी हवं होतं. संगीता गोधडी-चादर वाळवत होती, आक्का गावी परतली होती. मिस्त्रींनी माझ्याकडं बघितलं.

"हितं उभं राहायचं. हलायचं न्हाई. वर-खाली करायचं न्हाई. मी म्हणत न्हाई तोवर बोलायचं न्हाई."

मी उभा राहिलो. नळीतलं पाणी आधी वरखाली झालं, मग हळूहळू स्थिरावलं आणि एका जागी थांबलं. चार दिवस हेच काम चाललं, आणि त्या चार दिवसांत आण्णांनी परसात, उन्हात, एका दगडावर बसून अंघोळ केली. दगड त्यांनी स्वतः निवडला. पाचव्या दिवशी मिस्त्रींनी न्हाणीत एक घागर ओतली. पाणी कुठं जायचं ते न विचारता जाळीत गेलं. आण्णांनी दारात उभं राहून बघितलं आणि म्हणाले, "बरं झालंय. पण दगडावर ऊन लागतंय."

अजूनही आठवड्यातून चार दिवस ते दगडावरच अंघोळ करतात. न्हाणीत संगीता लोणच्याच्या बरण्या ठेवायला बघत होती, मी कसंबसं अडवलं.

दोन आठवड्यांनी मिस्त्रींचा फोन आला. मी लगेच विचारलं, "उताराचं काही राहिलंय का?"

"न्हाई, न्हाई. न्हाणी बेस हाय. रविवारी मोकळं हाय का? पेठ वडगावला एका गच्चीचं काम हाय. लक्ष्मी अजून निपाणीतच हाय. नळी धराय माणूस पायजे."

मी थोडा फुगलोच. सव्वीस वर्षांत मला कुणी आपणहून कामाला बोलावलं नव्हतं. रविवारी सकाळी आठला मी वडगावच्या गच्चीवर नळीचं टोक धरून उभा होतो. हललो नाही, बोललो नाही. घरमालक चहा घेऊन वर आला आणि माझ्याकडं बोट करून त्यानं विचारलं, "हे पावणं कोण?"

मिस्त्री पलीकडच्या टोकाला खूण करत होते. मान वर न करता ते म्हणाले, "आमचा नवा माणूस हाय. कामाला बरा हाय. फक्त त्याला मोजाय द्यायचं न्हाई."